आधी मायनस सोडवा : दुचाकीची बॅटरी घरी बदलताना

डिसेंबर लागला की निफाडचं नाव रोज पेपरात येऊ लागतं. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात सकाळी नोंदवलेला किमान तापमानाचा आकडा राज्यभर छापला जातो आणि लोक महाबळेश्वर विसरून निफाडची थंडी मोजायला लागतात. डिसेंबर २०१८ च्या अखेरीस तर इथला पारा २ अंशांच्याही खाली गेला होता. या दिवसांत द्राक्षबागायतदार मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात, ठिबक चालू ठेवतात. शेतीपंपाची वीज रात्रपाळीची असेल तर दोन-तीन वाजता मोटार चालू करायला मळ्यात जावंच लागतं. गोदाकाठच्या गावांत उसातल्या बिबट्याची धास्ती वेगळी. अशा वेळी गाडीचं सेल्फचं बटण दाबावं आणि सीटखालून नुसती ‘टकटक’ ऐकू यावी, म्हणजे काय होतं ते तिकडच्या माणसाला सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी नवी बॅटरी आणली जाते आणि बऱ्याचदा अंगणातच बदलली जाते. काम अवघड नाही. दोन नट, एक रबरी पट्टा, फार तर वीस मिनिटं. ज्याला पाना धरता येतो त्याला हे जमतं, आणि जमायलाही हवं, कारण प्रत्येक वेळी मिस्त्री मळ्यावर येणार नाही. पण ही बॅटरी मुठीएवढी दिसते, १२ व्होल्टची असते आणि हात लावला तर झटका बसत नाही. त्यामुळे तिच्याशी खेळण्यासारखं वागलं जातं. या डब्यात गंधकाचं आम्ल आहे, किलोभर शिसं आहे, चार्जिंगच्या वेळी पेट घेणारा वायू आहे आणि एका क्षणात लोखंड तापवील इतका विजेचा प्रवाह आहे. झटका बसत नाही ही तिची चांगली बाजू, आणि फसवी बाजूही तीच.

मारतो उन्हाळा, कळतं हिवाळ्यात

थंडीत बॅटरी बंद पडली की दोष थंडीला जातो. तो निम्माच खरा आहे. आपल्या दुचाक्यांत असते ती शिसे-आम्ल बॅटरी. १८५९ साली फ्रान्सच्या गॅस्तों प्लांते यांनी ती पहिल्यांदा बनवली आणि तिचं मूळ तत्त्व आजही तेच आहे. शिसं आणि शिशाचं ऑक्साइड यांच्या पट्ट्या पातळ गंधकाम्लात बुडवलेल्या असतात. वीज काढून घेतली की दोन्ही पट्ट्यांवर शिशाचं सल्फेट साठतं आणि आम्ल पाणचट होत जातं. चार्ज केलं की हेच उलट्या दिशेने घडतं. असा एक कप्पा साधारण २.१ व्होल्ट देतो. सहा कप्पे ओळीने जोडले की झाली १२ व्होल्टची बॅटरी. पूर्ण भरलेली असेल तेव्हा ती प्रत्यक्षात १२.६ व्होल्टच्या थोडी वरच असते.

थंडीत ही रासायनिक क्रिया मंदावते. २५ अंशांना पूर्ण ताकद देणारी बॅटरी शून्याच्या आसपास तिच्या पाऊण भागापेक्षा जास्त देईलच असं नाही. तिकडे इंजिनातलं ऑइलही दाट झालेलं असतं, म्हणजे जोर जास्त लागतो आणि ताकद कमी मिळते. एवढ्यावरून निफाडच्या थंडीत बॅटरी ‘गोठली’ असं म्हणणारे भेटतात. ते मात्र खरं नाही. पूर्ण उतरलेल्या बॅटरीतलं पाणचट आम्लसुद्धा शून्याच्या खाली काही अंश गेल्याशिवाय गोठत नाही. ती काळजी लेह-कारगिलकडच्या लोकांनी करायची.

बॅटरीचा खरा वैरी ऊन. तापमान १० अंशांनी वाढलं की तिचं आयुष्य साधारण निम्म्यावर येतं, असा या क्षेत्रातला जुना ठोकताळा आहे. एप्रिल-मे महिन्यात बाजार समितीच्या आवारात दिवसभर उन्हात उभी असलेली गाडी आठवा. पारा चाळिशीला, सीट हात लावू न देणारी आणि तिच्याखाली बॅटरी. आतलं पाणी उडतं, पट्ट्या झिजतात. तरीही गाडी चालू होत राहते, कारण उन्हाळ्यात इंजिन सहज फिरतं. ही मेलेली उमेद डिसेंबरच्या पहिल्या थंड पहाटे उघडी पडते.

म्हणून बदलण्याआधी बॅटरीच खराब आहे का, ते पाहावं. नवी बॅटरी बसवूनही गाडी आठ दिवसांत पुन्हा बंद पडण्याचं कारण बहुधा ही पाहणी न करणं असतं. टर्मिनलचा नट सैल होणं ही खड्ड्यांच्या रस्त्यावरच्या गाडीची नेहमीची तक्रार आहे. साइड स्टँडचा स्विच किंवा हँडलवरचं इंजिन बंद करायचं लाल बटण यांनीही माणसाला तासभर नाचवलेलं असतं. दोन-चारशे रुपयांचा मल्टिमीटर घरात असेल तर काम सोपं होतं. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी बॅटरीवर १२.४ किंवा जास्त व्होल्ट दिसले तर ती बरी आहे. १२ च्या खाली असेल तर जवळपास उतरलेली आहे. सेल्फ मारताना आकडा साडेनऊच्या खाली कोसळत असेल तर तिचा दम संपत आला आहे. मग गाडी कशीबशी चालू करून, थोडा ॲक्सिलरेटर देऊन पुन्हा मोजावं. १३.५ ते १४.५ च्या दरम्यान आकडा हवा. १३ च्या पुढे जातच नसेल तर गाडी बॅटरीला चार्ज करत नाही. १५ ओलांडत असेल तर गाडीचं रेग्युलेटर-रेक्टिफायर युनिट बिघडलं आहे आणि ते नव्या बॅटरीलाही उकळून मारणार. या दोन्ही अवस्थांत नवी बॅटरी घेणं म्हणजे पैसे पाण्यात. गाडी आधी गॅरेजला न्यावी.

एक बदल जुन्या गाड्या चालवलेल्यांना अजून पचलेला नाही. पूर्वी बॅटरी उतरली तरी किक मारून गाडी निघत असे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ चे निकष लागू झाले आणि बहुतेक दुचाक्यांत कार्ब्युरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं. पेट्रोलचा पंप आणि गाडीचा छोटा संगणक हे दोन्ही बॅटरीवर चालतात. बॅटरी पूर्ण मेली की किक मारा नाहीतर उतारावरून ढकला, पेट्रोलच पुढे जात नाही. कित्येक गाड्यांना तर आता किकच नसते. म्हणजे या छोट्या डब्यावरचं आपलं अवलंबून राहणं वाढलं, काळजी मात्र वाढली नाही.

झटका नाही, चटका

१२ व्होल्टचा झटका का बसत नाही? आपल्या कोरड्या कातडीचा विजेला विरोध इतका असतो की एवढ्या कमी दाबाने शरीरातून जाणारा प्रवाह नगण्य राहतो. पण पान्याचा विरोध जवळपास शून्य असतो. दोन टर्मिनलांच्या मध्ये लोखंडी पाना आडवा पडला तर छोट्याशा बॅटरीतूनही क्षणभर शंभर-दोनशे अँपिअर किंवा त्याहून जास्त प्रवाह वाहू शकतो. घरातला मिक्सर-गिझर ज्या स्विचवर चालतो तो १६ अँपिअरच्या पुढे टिकत नाही, यावरून अंदाज यावा. ‘गाडीत फ्यूज असतो की’ असं म्हणून निर्धास्त राहू नये. सेल्फच्या मोटारीकडे जाणारी जाड वायर त्या फ्यूजमधून जात नाही आणि उघड्या टर्मिनलवर पडलेल्या पान्याला तर कोणताच फ्यूज अडवत नाही.

पाना तापतो, लाल होतो, चिकटून बसतो, ठिणग्या उडतात. हे वाईटच. पण त्या जागी बोटातली अंगठी असेल तर फार वाईट. टर्मिनलवर पाना, पान्याला अंगठी टेकलेली आणि अंगठीची दुसरी बाजू गाडीच्या सांगाड्याला, एवढं जुळायला अर्धा सेकंद पुरतो. सोनं, चांदी, तांबं ही विजेची उत्तम वाहक. अंगठी डोळ्याचं पातं लवायच्या आत तापते आणि काढता येत नाही. बोटाभोवती गोल भाजतं, आणि अशा गोल भाजण्यात सूज आली की बोटाचा रक्तपुरवठाच अडचणीत येतो. तांब्याचं कडं, घड्याळाचा धातूचा पट्टा, वाकल्यावर लोंबणारी गळ्यातली साखळी, बांगड्या यांचंही तेच. कामाला हात घालण्याआधी हे सगळं काढून घरात ठेवावं. अंगठी निघत नसेल तर त्या हातावर जाड रबरी हातमोजा चढवावा, नाहीतर हे काम सरळ दुसऱ्याला सांगावं.

आणि आता मायनसची गोष्ट. दुचाकीचा सगळा लोखंडी सांगाडा बॅटरीच्या मायनस टोकाला जोडलेला असतो. म्हणजे तुम्ही प्लसचा नट फिरवताय आणि पान्याचं दुसरं टोक चेसिसला, सीटच्या पत्र्याला, कशालाही टेकलं तर वर सांगितलेला सगळा प्रकार होतो. सीटखालच्या त्या कोंदट जागेत पाना टेकणार नाही असं होतच नाही. मायनस आधी सोडवला की सांगाड्याचा बॅटरीशी संबंधच तुटतो. मग प्लसचा नट सोडताना पाना कुठेही लागला तरी वर्तुळ पूर्ण होत नाही, काही होत नाही. बसवताना याच्या बरोबर उलट करायचं, म्हणजे आधी प्लस आणि शेवटी मायनस. मायनस जोडताना पाना चेसिसला लागला तरी बिघडत नाही, कारण दोन्ही एकाच बाजूचे आहेत. सगळ्या सुरक्षा सूचनांतली एकच लक्षात राहणार असेल तर ही राहावी. निव्वळ पाठांतर नको, तिच्यामागचं कारण कळलं की ती विसरत नाही.

अंगणातलं काम

जागा मोकळी आणि उजेडाची निवडा. थंडीच्या दिवसांत एक मोह होतो, तो म्हणजे शेकोटीजवळ गाडी लावून काम करण्याचा. हात उबदार राहतात हे खरं, पण बॅटरीजवळ जाळ नको, विडी-सिगारेटही नको. कारण पुढे येईलच. गाडी मेन स्टँडवर, चावी काढून खिशात, इंजिन थंड. लहान मुलं बाजूला. बादलीभर स्वच्छ पाणी हाताशी ठेवायचं, ते लागण्याआधीच. डोळ्यांवर चष्मा हवा. फवारणीच्या वेळी वापरायचा गॉगल द्राक्षवाल्यांच्या घरात असतोच, तो उत्तम.

बॅटरी कुठे आहे ते गाडीच्या पुस्तिकेत असतं. मोटारसायकलला बहुधा साइड कव्हरच्या आत किंवा सीटखाली, स्कूटरला अनेकदा पाय ठेवतो त्या पाट्याखाली. उघडल्यावर आधी मोबाइलने एक फोटो काढून ठेवावा. कोणती वायर कुठून आली, पट्टा कसा अडकवला होता, हे नंतर आठवत नाही. जुन्या पद्धतीच्या पाण्याच्या बॅटरीला बाजूने एक बारीक नळी असते. आतला वायू आणि उतू गेलेलं आम्ल खाली सोडण्यासाठी ती असते. नव्या बॅटरीला तीच नळी पुन्हा लावायची, कुठे चिमटून ठेवायची नाही आणि तिचं तोंड चेनवर येऊ द्यायचं नाही.

टर्मिनलवर पांढरी किंवा हिरवट-निळी पूड साचलेली दिसली तर थांबा. पांढरी असते ती मुख्यतः शिशाचं सल्फेट. हिरवट-निळी दिसते ती वायरीच्या तांब्यापासून झालेली, म्हणजे चक्क मोरचूद. बोर्डो मिश्रणात आपण कालवतो तोच. ही पूड फुंकून उडवायची नाही आणि सुक्या ब्रशने झाडायचीही नाही, कारण शिशाची धूळ सरळ नाकातोंडात जाते. लिटरभर पाण्यात दोन-तीन चमचे खायचा सोडा विरघळवून त्याने फडकं भिजवावं आणि पुसून काढावं. फेस येईल तो कार्बन डायऑक्साइडचा, म्हणजे सांडलेलं आम्ल मरतंय. फेस थांबला की ओल्या फडक्याने पुन्हा पुसून कोरडं करायचं. पाण्याच्या बॅटरीची झाकणं या वेळी घट्ट हवीत. सोडा आत गेला तर चांगली बॅटरीही गेली.

मायनस सोडवा, त्याची वायर चिकटपट्टीने गुंडाळून बाजूला वळवा. मग प्लसचं लाल रबरी टोपण सरकवून तो सोडवा. पट्टा काढून बॅटरी उभीच्या उभी वर उचला, आडवी करू नका. वायर धरून उचलायची नसते हे सांगायची गरज पडू नये, पण पडते.

नवी बॅटरी बसवताना सगळ्यात जास्त वेळ खाणारी गोष्ट म्हणजे टर्मिनलच्या खोबणीतला तो चौकोनी नट. बोल्ट वरून घातला की नट खाली बसतो आणि आटे जुळतच नाहीत. नटाखाली स्पंजचा किंवा कागदाच्या घडीचा छोटा तुकडा सारला की तो वर राहतो आणि बोल्ट एका फटक्यात धरतो. मिस्त्री हे रोज करतात, आपल्याला कोणी सांगत नाही. नट घट्ट हवा, पण अंगातलं बळ लावून नको. शिसं मऊ असतं, टर्मिनल पिळवटतं. वरून व्हॅसलीनचा पातळ हात दिला की पूड लवकर साचत नाही.

प्लस-मायनसची अदलाबदल मात्र एकदाही होऊ देऊ नका. नशीब चांगलं असेल तर फ्यूज जातो. नसेल तर रेक्टिफायर किंवा गाडीचा संगणक जातो आणि त्याची किंमत बॅटरीच्या कित्येक पट असते. दुकानात दोन बॅटऱ्या दिसायला सारख्या असतात, पण एकीचा प्लस डावीकडे तर दुसरीचा उजवीकडे असतो. म्हणून जुनी सोबत नेऊन समोरासमोर ठेवून घ्यावी. व्होल्ट, अँपिअर-तास, लांबी-रुंदी-उंची आणि टर्मिनलची बाजू हे चारही जुळायला हवं.

यावरून फवारणी पंपाच्या बॅटरीबद्दल. पाठीवरच्या पंपात १२ व्होल्टची, बहुधा ८ किंवा १२ अँपिअर-तासाची बंद बॅटरी असते आणि ती गाडीत बसवता येईल असं कोणाच्या तरी डोक्यात येतंच. ती बसवू नये. ती तासन्‌तास थोडा थोडा प्रवाह देण्यासाठी बनवलेली असते. सेल्फ एका दमात मागतो तेवढा ती देत नाही. तिची पातळ पाती आणि तिचं अंग गाडीचे हादरेही सोसत नाही. पंपाचा चार्जर गाडीच्या बॅटरीला लावणंही तसंच. ४ अँपिअर-तासाच्या बॅटरीला सुमारे ०.४ अँपिअर, म्हणजे क्षमतेच्या दहाव्या भागाएवढा प्रवाह सोसतो. पंपाचे चार्जर बहुतेक वेळा याहून कितीतरी जास्त देतात.

नव्या बॅटरीत आम्ल भरायचं असेल तर ते दुकानदारालाच भरू द्या, पहिलं चार्जिंगही तिथेच होऊ द्या. आम्लाची बाटली घरी आणण्याचं काहीच कारण नाही, आणि ते पाण्याच्या बाटलीत तर चुकूनही नको. पाण्याच्या बॅटरीची पातळी पुढे कमी झाली की फक्त डिस्टिल्ड वॉटर घालायचं, आम्ल नाही. उडतं ते पाणी, आम्ल आतच राहतं. बोअरचं पाणी क्षारांचं असतं, ते पट्ट्या खराब करतं.

ठिणगी आणि थेंब

बॅटरी चार्ज होताना, विशेषतः गरजेपेक्षा जास्त चार्ज होताना, आतल्या पाण्याचं विघटन होऊन हायड्रोजन आणि ऑक्सिजन बाहेर पडतात. हवेत हायड्रोजन ४ टक्के झाला तरी तो पेटू शकतो आणि ७५ टक्क्यांपर्यंत तो धोका राहतो. स्वयंपाकाचा गॅस याच्यापुढे फारच मर्यादित म्हणायचा. शिवाय त्याला वास असतो, हायड्रोजनला नाही. पेटला तर डबा फुटतो आणि आम्लाचा शिडकावा तोंडावर येतो. मेंटेनन्स-फ्री बॅटरीत हा वायू आतल्या आत पुन्हा पाण्यात बदलतो, म्हणून धोका खूप कमी. पण ती जास्त चार्ज झाली तर तिची झडपही उघडतेच. हिवाळ्यात दारं-खिडक्या लावून, चुलीजवळ किंवा देव्हाऱ्यातल्या समईखाली बॅटरी चार्जिंगला लावायची नाही, ती पडवीत ठेवायची. आधी चिमटे लावायचे, मग चार्जरचं बटण सुरू करायचं. काढताना आधी बटण बंद.

ट्रॅक्टरच्या बॅटरीवरून दुचाकी चालू करण्याचा प्रकार मळ्यावर सर्रास चालतो. करायचाच असेल तर ट्रॅक्टरचं इंजिन बंद ठेवून करा. दोन्हीकडे १२ व्होल्टच आहेत याची खात्री करा. प्लसला प्लस आधी जोडा आणि मायनसची शेवटची जोडणी दुचाकीच्या बॅटरीवर न करता इंजिनाच्या उघड्या धातूवर, बॅटरीपासून लांब करा. शेवटच्या जोडणीला ठिणगी उडतेच. ती वायूपासून दूर उडावी एवढाच हेतू. गाडी चालू झाली की वायरी उलट क्रमाने काढा. फुगलेली, तडकलेली किंवा गळणारी बॅटरी असेल तर हा उद्योग करायचाच नाही.

आम्लाचा थेंब कातडीवर पडला तर सुरुवातीला फारसं जाणवतही नाही, म्हणून लोक पँटला हात पुसतात. पुढच्या धुण्यात पँटला भोकं पडलेली दिसतात. तोवर कातडीचं जे व्हायचं ते झालेलं असतं. भिजलेला कपडा ताबडतोब काढावा आणि ती जागा वाहत्या पाण्याखाली १५-२० मिनिटं धरावी. डोळ्यात थेंब गेला तर एक सेकंदही न दवडता तिथल्या तिथे पाणी. पापण्या बोटांनी उघड्या धरायच्या, डोळा सगळ्या दिशांना फिरवायचा, कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर काढायची, आणि निदान २० मिनिटं स्वच्छ पाण्याची धार चालू ठेवायची. ‘आधी दवाखान्यात नेऊ’ ही इथली सगळ्यात महागडी चूक आहे. मळ्यावरून गावात पोचेपर्यंत आम्ल आपलं काम करून बसलेलं असतं. भरपूर धुऊन झाल्यावर मात्र बरं वाटतंय म्हणून घरी बसायचं नाही, त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाला दाखवायचं. एकटे असाल तर १०८ ला फोन लावा आणि गाडी येईपर्यंत डोळा धुत राहा.

‘आम्लावर अल्कली’ हे शाळेतलं सूत्र इथे शरीरावर चालवायचं नाही. खायचा सोडा बॅटरीसाठी आणि जमिनीवर सांडलेल्या आम्लासाठी आहे, डोळ्यासाठी नाही. आणि बोर्डोसाठी आणलेला कळीचा चुना तर कातडीजवळही नको. चुना डोळ्याला आम्लापेक्षाही घातक ठरतो, कारण तो आत आत शिरत राहतो.

जुनीचं काय करायचं

नवी बसली, सेल्फ एका हाकेत लागला, मीटरवरचं घड्याळ जुळवून झालं. जुनी बॅटरी कोपऱ्यात राहते. दीड-दोन किलोच्या या डब्यात जवळपास किलोभर शिसं आणि शिशाची संयुगं असतात. दुसऱ्या बाजूला लहान मुलाच्या रक्तातल्या शिशाचा हिशेब मायक्रोग्रॅममध्ये, म्हणजे ग्रॅमच्या दहा लाखाव्या भागात होतो. वर्षा-दीड वर्षाच्या मुलाच्या अंगात साधारण एक लिटर रक्त असतं. एका डेसिलिटरमध्ये ५ मायक्रोग्रॅम ही पातळी धरली तर सगळ्या रक्तात मिळून शिसं भरतं सुमारे ५० मायक्रोग्रॅम. मिठाच्या एका बारीक कणाचं वजन असतं तेवढं. या पातळीलाही मुलांच्या बुद्धीवर आणि वागणुकीवर परिणाम होतो, आणि शिशाची कोणतीही मात्रा निर्धोक मानता येत नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. ‘युनिसेफ’ आणि ‘प्युअर अर्थ’ यांच्या २०२० च्या अहवालात जगातल्या सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात शिसं या पातळीला किंवा वर असल्याचा अंदाज होता. त्यात भारतातली मुलं २७ कोटींच्या वर होती. पेट्रोलमधलं शिसं आपण २००० सालापर्यंत काढून टाकलं. आता मोठ्या वाटेकऱ्यांपैकी एक म्हणजे उघड्यावर फोडल्या आणि वितळवल्या जाणाऱ्या जुन्या बॅटऱ्या.

हे कुठवर जाऊ शकतं ते आफ्रिकेतल्या सेनेगल देशाने पाहिलं. राजधानी डाकारच्या थियारॉय-सुर-मेर या वस्तीत लोक जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं काढत आणि शिसंमिश्रित माती घरी आणून चाळत. नोव्हेंबर २००७ ते मार्च २००८ या काळात तिथे १८ लहान मुलं दगावली. आधी कारण कोणालाच कळेना. ताप नाही, साथ नाही. नंतर आयांच्या आणि भावंडांच्या रक्तात शिसं भयंकर प्रमाणात सापडलं.

आपल्याकडे एक जुनी बॅटरी फोडल्याने असं होणार नाही. पण शिसं ३२७ अंशांनाच वितळतं, म्हणजे चुलीवरही वितळतं. जाळ्याला वजन म्हणून गोळ्या ओतायला किंवा नुसतं चार पैसे मिळतील म्हणून हे कोणी अंगणात केलं, तर धूर आणि राख त्याच अंगणात बसते जिथे मुलं रांगतात. आतलं आम्ल ओढ्यात ओतलं तर तेही शिशासकट वाहतं. तालुक्यातले बहुतेक ओढे शेवटी गोदावरी-कादवेलाच मिळतात, आणि त्यांच्या संगमावरचं नांदूर मध्यमेश्वर हे राज्यातलं पहिलं रामसर पाणस्थळ आहे.

ऑगस्ट २०२२ मध्ये आलेल्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी वापरून झालेली बॅटरी परत गोळा करून तिचा पुनर्वापर करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. ती घरच्या कचऱ्यात न टाकता वेगळी ठेवून गोळा करणाऱ्याकडे देणं हे ग्राहकाचंही काम ठरवलं आहे. व्यवहारात सरळ मार्ग एकच. नवी घेताना जुनी त्याच दुकानात द्यायची आणि तिची वजावट बिलावर लिहून घ्यायची. दारावर येणारा भंगारवाला चार पैसे जास्त देईल, पण तो ती कुठे नेऊन फोडतो ते आपल्याला दिसत नाही.

दुकानापर्यंत नेताना ती प्लॅस्टिकच्या घमेल्यात किंवा जाड पिशवीत उभी ठेवा आणि दोन्ही टर्मिनलांवर चिकटपट्टी लावा. उतरलेल्या बॅटरीतही ठिणगी पाडण्याएवढी धुगधुगी असते. डिकीत पाने, साखळी, चिल्लर यांच्यासोबत ती टाकू नका. गाडीवर पुढे बसलेल्या पोराच्या मांडीवर तर मुळीच देऊ नका. घरी आल्यावर हात साबणाने, नखांच्या आतपर्यंत, आणि कामाचे कपडे बाकीच्या धुण्यापासून वेगळे.